परळ ते भोसरी : रेट्रोव्हायरसच्या जीनोमसोबतचे लघु आरएनए आणि महाराष्ट्रातील संशोधनाचा इतिहास

सारांश

रेट्रोव्हायरस या विषाणुगटाच्या कणांत मुख्य जीनोमखेरीज काही लघु आरएनए रेणू आढळतात. ते मूळचे यजमान पेशीचे असतात. १९६० च्या दशकाअखेरीस त्यांची प्रथम नोंद झाली, तेव्हा ते पेशीतून चिकटून आलेले अवशेष असावेत असा संशय घेण्यास जागा होती. पुढील दशकात त्यांपैकी एका रेणूवाचून विषाणूच्या डीएनएची निर्मिती सुरूच होत नाही, असे सिद्ध झाले. प्रस्तुत निबंधात या ज्ञानाची घडण महाराष्ट्रातील दोन संशोधनपरंपरांच्या संदर्भात तपासली आहे. मुंबईतील परळ येथील स्तनार्बुद-विषाणूचे संशोधन ही पहिली परंपरा, तर पुण्याजवळील भोसरी येथील एचआयव्ही-संशोधन ही दुसरी. या दोन्ही ठिकाणी अभ्यासले गेलेले विषाणू एकच लघु आरएनए वापरतात. या दुव्याच्या आधारे विषाणूची ओळख कोणत्या पुराव्यावर पटवावी, या पद्धतिशास्त्रीय प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

बीजशब्द : रेट्रोव्हायरस, वाहक आरएनए, प्रायमर, स्तनार्बुद-विषाणू, एचआयव्ही, विज्ञानाचा इतिहास.

१. प्रस्तावना

पुणे-मुंबई रस्त्यावरील कासारवाडी येथे नाशिक फाट्याला रस्ता फुटतो आणि भोसरीकडे जातो. पिंपरीतील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या स्थापनेपासून (१९५४) हा परिसर कारखान्यांचा म्हणून वाढत गेला. त्याच्या विज्ञानविषयक इतिहासाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतच ऑक्टोबर १९९२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. ‘नारी’ या संक्षिप्त नावाने ती परिचित झाली आणि आता तिचे नाव नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च असे आहे. कासारवाडी व परिसरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने रेट्रोव्हायरस हा पाठ्यपुस्तकातील दूरचा विषय नसून शेजारचा विषय आहे.

या विषाणूंचा इतिहास सामान्यतः १९७० च्या एका शोधापासून सांगितला जातो. आरएनएवरून डीएनए घडविणाऱ्या विकराचा तो शोध होय. या कथनात विकर नायक ठरते, मोठा जीनोम त्याचे कार्यक्षेत्र ठरतो आणि जीनोमला बिलगलेले लघु रेणू एखाद्या वाक्यात उरकले जातात. हा क्रम बदलून, लघु रेणूंच्या बाजूने पाहिल्यास इतिहास कसा दिसतो, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. ‘लघु आरएनए’ ही संज्ञा येथे विषाणुकणांत सापडणाऱ्या, सुमारे ७० ते ३०० न्यूक्लिओटाइड लांबीच्या रेणूंसाठी वापरली आहे. पेशीतील जनुकनियंत्रण करणाऱ्या अलीकडे ज्ञात झालेल्या सूक्ष्म रेणूंचा उल्लेख अखेरीस येईल.

२. परळ : दुधातून जाणारा घटक

उंदरांच्या काही वाणांत स्तनाचा कर्करोग पिढ्यानपिढ्या आढळतो. हा दोष केवळ आनुवंशिक नसून मातेच्या दुधातून पिलाकडे जाणारा एखादा घटक त्याला कारणीभूत आहे, असे अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. जास्त कर्करोग असलेल्या वाणाची पिले जन्मतःच कमी कर्करोग असलेल्या वाणाच्या मादीच्या दुधावर वाढविली, तर त्यांच्यातील रोगाचे प्रमाण घटत असे. हा ‘दूध-घटक’ म्हणजे विषाणू होय, हे पुढे स्पष्ट झाले. तो आज उंदराचा स्तनार्बुद-विषाणू या नावाने ओळखला जातो आणि रेट्रोव्हायरस गटात मोडतो.

या प्रश्नावर भारतात दीर्घकाळ काम करणाऱ्या संशोधकांत डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म पुण्याचा, शालेय शिक्षण हुजूरपागेत आणि पदवीचे शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. त्यांचे वडील त्याच महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते आणि त्याच परिसरात १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले. तेथे रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या निरनिराळ्या वाणांत आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंध हा त्यांच्या संशोधनाचा प्रमुख विषय होता. संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ या नावाने ओळखला जाणारा उंदरांचा वाण या परंपरेची साक्ष देतो.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे, हे कार्य विषाणूच्या रसायनशास्त्राआधीचे आहे. घटक कोठून कोठे जातो, कोणत्या वाणात रुजतो, कोणत्या संप्रेरकामुळे बळावतो, हे प्रश्न प्राणिशास्त्राच्या पद्धतीने सोडविले जात होते. दुसरी गोष्ट म्हणजे, ‘उंदरात विषाणू दुधातून जातो, तर मनुष्यात काय?’ हा प्रश्न या कार्यातूनच अपरिहार्यपणे उभा राहत होता.

३. कणाच्या पोटातील अनपेक्षित ऐवज

कर्करोगकारक आरएनए विषाणूंचा रासायनिक अभ्यास प्रामुख्याने कोंबडीच्या विषाणूंवर झाला. पेटन राउस यांनी १९११ मध्ये वर्णन केलेला सार्कोमा-विषाणू आणि मज्जापेशींच्या रक्तार्बुदाचा विषाणू हे त्यांपैकी प्रमुख होत. शुद्ध केलेल्या कणांतील आरएनए अतिवेगवान केंद्रापसारक यंत्रात फिरविले असता त्याचे आकारानुसार थर पडतात. थर खाली बसण्याच्या वेगाचे माप ‘स्वेडबर्ग’ या एककात सांगतात आणि ते ‘एस’ या अक्षराने दर्शवितात. जीनोमचा थर सुमारे ७० एस इतका जड आढळला. तो तापविल्यावर सुमारे ३५ एस मापाचे घटक सुटे होत. यावरूनच पुढे एका कणात जीनोमच्या दोन प्रती असतात, हे निश्चित झाले.

मात्र त्याच कणांत ४ एस आणि ७ एस मापाचे हलके थरही मिळत. ४ एस हे माप पेशीतील वाहक आरएनएचे (टी-आरएनएचे) होते. प्रथिननिर्मितीच्या वेळी अमिनो आम्ले रायबोसोमपर्यंत वाहून नेणारा हा रेणू तेव्हा जीवरसायनशास्त्राच्या केंद्रस्थानी होता. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये अशा एका रेणूचा संपूर्ण क्रम उलगडला होता आणि १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना हरगोविंद खुराना व मार्शल निरेनबर्ग यांच्यासमवेत मिळाले होते. १९६८ ते १९७१ या काळात विषाणुकणांतील ४ एस आरएनए खरोखरच अमिनो आम्ल स्वीकारू शकतो, असे निरनिराळ्या प्रयोगशाळांनी दाखविले. मायकेल बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये राउस विषाणूतील ४ एस आणि ७ एस या दोन्ही लघु आरएनएंचे स्वतंत्र वर्णन केले.

विषाणूला स्वतःची प्रथिननिर्मिती यंत्रणा नसते. मग वाहक आरएनए तेथे कशासाठी? कण पेशीच्या पटलातून फुगवट्याच्या रूपाने बाहेर पडतो, तेव्हा पेशीद्रवातील रेणू त्यात सापडणे अशक्य नव्हे. म्हणून ‘अडकून आलेला ऐवज’ हे स्पष्टीकरण सर्वांत सोपे होते. परंतु त्याला दोन निरीक्षणे आड येत होती. विषाणूतील वाहक आरएनएंचे परस्परप्रमाण पेशीतील प्रमाणाहून भिन्न होते, म्हणजे काहींची निवड झालेली होती. शिवाय ४ एस आरएनएचा काही भाग मोकळा नसून ७० एस जीनोमशी घट्ट जोडलेला होता.

जून १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन व सातोशी मिझुतानी यांचा एक आणि डेव्हिड बाल्टिमोर यांचा एक असे दोन लेख ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले. विषाणुकणात आरएनएवरून डीएनए घडविणारे विकर असते, हे त्यांनी सिद्ध केले. त्यालाच पुढे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे नाव मिळाले. टेमिन, बाल्टिमोर व रेनातो दुल्बेको यांना १९७५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या शोधाने एक नवा प्रश्न उभा केला. डीएनए घडविणारी ज्ञात विकरे कोऱ्या साच्यावर पहिले अक्षर लिहीत नाहीत. त्यांना आधीच साच्यावर बसलेले एखादे टोक लागते आणि त्या टोकापुढे ती लिहीत जातात. या टोकाला प्रायमर किंवा प्रारंभक म्हणतात. रेट्रोव्हायरसला तो कोण पुरवितो, हे ठाऊक नव्हते.

४. मुंबई, १९७१–७२ : मानवी दुधातील कण

याच सुमारास परळचे संशोधन जागतिक चर्चेत आले. अमेरिकेतील कॅमडेन येथील डॅन मूर यांच्या गटाने मानवी दुधात उंदराच्या विषाणूसारखे कण सापडतात काय, याचा शोध चालविला होता. मुंबईच्या पारशी समाजातील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अन्य समाजांहून अधिक असल्याची नोंद टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. जे. सी. पेमास्टर यांनी केलेली होती. समाज लहान आणि विवाहसंबंध बहुतांशी समाजांतर्गत, म्हणून आनुवंशिकता व विषाणू यांचा एकत्रित अभ्यास करण्यास तो योग्य वाटला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञ डॉ. सत्यवती सिरसाट, पेमास्टर आणि अखिल वैद्य यांचा सहभाग असलेला लेख १९७१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पारशी स्त्रियांच्या सुमारे ३९ टक्के दूध-नमुन्यांत विषाणुसदृश कण आढळले. कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास नसलेल्या अमेरिकन स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते.

केवळ आकार पुरेसा नव्हता, म्हणून रासायनिक पुरावा शोधण्यात आला. सोल स्पीगेलमन यांच्या गटाने मानवी दुधातील कणांत रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजसारखी क्रिया आढळल्याचे १९७१ मध्ये जाहीर केले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. आर. दास यांनी वैद्य, सिरसाट व मूर यांच्यासमवेत पारशी स्त्रियांच्या दुधातील कणांतील विकर व आरएनए यांचा अभ्यास करून तो १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. दुधातील कणांनी घडविलेला डीएनए आणि स्तनाच्या कर्करोगग्रस्त ऊतीतील आरएनए यांत साम्य आढळल्याचा लेखही त्याच वर्षी आला. परळची रुग्णसेवा, कुलाब्याची रेण्वीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि अमेरिकेतील विषाणुशास्त्र यांचे हे सहकार्य त्या काळातील भारतीय विज्ञानात लक्षणीय होते.

या सर्व प्रयत्नांत विषाणूची ओळख तीन खुणांवर उभी होती : कणाचा आकार व घनता, विकराची क्रिया आणि ७० एस आरएनए. स्पीगेलमन गटाची ‘एककालिक चाचणी’ यांपैकी शेवटच्या दोन खुणा एकत्र टिपत असे. नव्याने घडलेला डीएनए ७० एस आरएनएसोबतच खाली बसतो काय, हे त्या चाचणीत पाहिले जाई. हा तुकडा साच्याशी जोडी जमवून राहतो आणि त्याचे आरंभीचे टोक साच्यावरच बसलेल्या प्रायमरला सांधलेले असते. चाचणी ज्या सांध्याचा लाभ घेत होती, तो सांधा लघु आरएनएचा होता. परंतु तो कोणता आरएनए, हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हते.

पुढील काही वर्षांत या निष्कर्षांना अपेक्षित दुजोरा मिळाला नाही. मानवी दुधात आरएनए नष्ट करणारी विकरे असतात, तसेच नाना आकारांचे पेशीजन्य कण असतात. पेशीची स्वतःची डीएनए घडविणारी विकरे विशिष्ट कृत्रिम साच्यांवर रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजसारखा आभास निर्माण करू शकतात. कण सापडणे आणि कर्करोग होणे यांतील संबंधही टिकला नाही. मनुष्यातील पहिला रेट्रोव्हायरस १९८० मध्ये रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेतून जाहीर झाला. तो रक्तपेशींचा होता, स्तनाचा नव्हता. उंदराच्या विषाणूशी जुळणारे क्रम मानवी ऊतींत आढळल्याचे दावे १९९० च्या दशकापासून पुन्हा होत आले आहेत. तथापि असा विषाणू मानवी स्तनकर्करोगाचे कारण आहे, हे सर्वमान्य झालेले नाही.

या प्रकरणाकडे केवळ फसलेला शोध म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. त्या वेळी उपलब्ध असलेली उत्तमोत्तम साधने येथे वापरली गेली. पण त्याची एक सामाजिक बाजूही होती. एका लहान समाजातील मातांच्या दुधात ‘कर्करोगाचा विषाणू’ असल्याची शक्यता वर्तविली गेली की, त्याचा परिणाम प्रयोगशाळेपुरता राहत नाही. मातेने बाळाला पाजावे की नाही, असा प्रश्न त्यातून निघतो. म्हणून ओळखीच्या खुणा किती नेमक्या असाव्यात, हा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हे.

५. सोबत्याला नाव मिळाले

प्रायमरचा शोध दुसऱ्या बाजूने पुढे सरकत होता. १९७१ मध्ये इंदर वर्मा, बाल्टिमोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकराच्या पहिल्या उत्पादनात आरएनए व डीएनए परस्परांना रासायनिक बंधाने जोडलेले असतात, हे दाखविले. याचा अर्थ डीएनएचा आरंभ एखाद्या आरएनएच्या टोकापासून होत होता. १९७४ मध्ये जेम्स डालबर्ग, बिशप आदींनी राउस विषाणूत तो आरएनए ४ एस गटातील एक विशिष्ट रेणू असल्याचे निश्चित केले. ७० एस आरएनए हळूहळू तापविला असता बहुतेक ४ एस रेणू कमी तापमानालाच सुटत. प्रायमर मात्र अधिक उष्णता दिल्याखेरीज सुटत नसे. १९७५ मध्ये हाराडा, सॉयर व डालबर्ग यांनी त्याचा क्रम उलगडला. तो ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा वाहक आरएनए निघाला.

पाठोपाठ अन्य विषाणूंचे प्रायमर ओळखले गेले. उंदराच्या मोलोनी रक्तार्बुद-विषाणूत तो प्रोलीनचा वाहक आरएनए असल्याचे १९७७ ते १९७९ या काळात स्पष्ट झाले. परळच्या परंपरेच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष १९८० मध्ये पीटर्स व ग्लोव्हर यांनी मांडला. उंदराच्या स्तनार्बुद-विषाणूचा प्रायमर म्हणजे लायसीनच्या वाहक आरएनएचा तिसरा प्रकार होय.

या रेणूचे कार्य थोडक्यात असे. वाहक आरएनए सुमारे ७६ न्यूक्लिओटाइडांचा असतो. त्याच्या शेपटीकडील १८ न्यूक्लिओटाइड जीनोमवरील एका पूरक पट्ट्याशी जोडी जमवितात. या पट्ट्याला प्रायमर-बंधनस्थळ म्हणतात. शेपटीच्या टोकापासून विकर डीएनए लिहू लागते. आश्चर्य असे की, हे स्थळ साच्याच्या ज्या टोकाशी लेखन संपते त्याच टोकाजवळ असते. त्यामुळे राउस विषाणूत जेमतेम शंभर अक्षरे लिहून होताच साचा संपतो. मग नवजात तुकडा जीनोमच्या दुसऱ्या टोकावरील समान क्रमाकडे उडी घेतो आणि तेथून लेखन पुढे चालू राहते. १९७९ मध्ये गिल्बोआ, मित्रा, गॉफ व बाल्टिमोर यांनी या उड्यांचा तपशीलवार आराखडा मांडला.

याच प्रक्रियेत एक लक्षणीय गोष्ट घडते. डीएनएचा दुसरा धागा लिहिताना विकर प्रायमरला चिकटलेल्या टोकापर्यंत येते आणि वाहक आरएनएच्या शेपटीतील १८ अक्षरांचीही नक्कल करते. पुढे वाहक आरएनएमधील एक रासायनिकदृष्ट्या बदललेले न्यूक्लिओटाइड विकराला थांबविते. ही १८ अक्षरे नव्या डीएनएत बंधनस्थळ म्हणून कायम होतात. म्हणजे प्रत्येक पिढीत विषाणूच्या जीनोमवर यजमानाच्या रेणूची मोहोर नव्याने उमटते. ‘अवशेष’ समजला गेलेला रेणू वारशाचा लेखक ठरतो.

६. भोसरी : तोच रेणू, दुसरा विषाणू

पॅरिस येथील पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी, ल्यूक माँतान्ये व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एड्सशी संबंधित विषाणू वेगळा केला, तेव्हा त्याच्या अस्तित्वाची चाहूल रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजच्या क्रियेवरूनच लागली होती. १९८५ मध्ये जीनोमचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध झाला आणि त्यात लायसीनच्या वाहक आरएनएच्या तिसऱ्या प्रकाराला पूरक असे १८ अक्षरांचे स्थळ दिसले. उंदराच्या स्तनार्बुद-विषाणूचा प्रायमर तोच होता. दोन विषाणू, दोन यजमान, दोन भिन्न रोग. पण आरंभ एकाच प्रकारच्या रेणूपासून.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ मध्ये चेन्नई येथे डॉ. सुनीती सोलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांच्या कार्यातून उघडकीस आला. सुनीती या चेन्नईत स्थायिक झालेल्या गायतोंडे या मराठी कुटुंबातील. वडिलांच्या नावाने त्यांनी पुढे वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र उभारले. महाराष्ट्र हे अधिक संसर्गाचे राज्य असल्याने भोसरी येथे राष्ट्रीय संस्था येणे सुसंगत होते.

या संस्थेतील रेण्वीय कार्यापैकी एक लेख येथे विशेष नोंदविण्याजोगा आहे. कविता लोळे, रमेश परांजपे, दीपक गडकरी आदी संशोधकांनी जॉन्स हॉपकिन्स येथील सहकाऱ्यांसमवेत पुण्यातील नव्याने संसर्ग झालेल्या सहा व्यक्तींकडून मिळालेल्या विषाणूंचे जवळजवळ संपूर्ण जीनोम उलगडले. हा लेख १९९९ मध्ये ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. सहांपैकी पाच जीनोम ‘सी’ उपप्रकाराचे होते, तर एक ‘ए’ आणि ‘सी’ यांच्या मिश्रणातून बनलेला होता. असे मिश्रण होण्याचे कारण आरएनएवरून डीएनए घडविण्याच्या प्रक्रियेत आहे. कणातील दोन प्रती भिन्न असतील तर विकर एका प्रतीवरून दुसरीवर सरकते आणि मिश्र डीएनए तयार होतो. प्रायमरपासून सुरू झालेल्या लेखनात उडी हा अपवाद नसून नियम आहे, हे वर पाहिलेच. पुण्यातील रुग्णांच्या विषाणूंत त्याची साक्ष मिळाली.

प्रायमर कणात शिरतो कसा, हेही याच काळात उलगडत गेले. १९९० च्या दशकात माँट्रिअल येथील लॉरेन्स क्लाइमन यांच्या गटाने एचआयव्हीच्या एका कणात लायसीनच्या वाहक आरएनएचे सुमारे २० रेणू वेचून घेतलेले असतात, असे दाखविले. या रेणूला लायसीन जोडून देणारे पेशीचे विकरही कणात भरले जाते, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. बंधनस्थळ मुद्दाम बदलून दुसऱ्या वाहक आरएनएला अनुरूप केले तरी कालांतराने विषाणू बहुधा लायसीनच्या मूळ स्थळाकडेच परततो, असेही प्रयोगांत दिसले. निवड योगायोगाची नाही, याचा हा भक्कम पुरावा होय.

उपचारांच्या दृष्टीने या आरंभबिंदूचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. १९८७ पासून वापरात आलेले झिडोव्हुडिन हे औषध प्रायमरपुढे वाढणाऱ्या साखळीत शिरून ती तोडते. नेव्हिरापिन विकरालाच जखडते. भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून मोफत औषधोपचार सुरू झाला. महाराष्ट्र हे त्या पहिल्या सहा राज्यांपैकी एक होते.

येथे दुधाचा प्रश्न पुन्हा उद्भवला, पण आता तो अनुमानाचा नव्हता. एचआयव्ही मातेच्या दुधातून बाळाकडे जाऊ शकतो, हे सिद्ध झालेले होते; आणि अनेक मातांना वरच्या दुधाचा सुरक्षित पर्याय उपलब्ध नव्हता. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात तसेच इथिओपिया व युगांडा येथे स्तनपान घेणाऱ्या बाळांना जन्मानंतर नेव्हिरापिनचा एकच डोस न देता सहा आठवडे औषध देऊन पाहण्यात आले. या चाचण्यांचा एकत्रित अहवाल २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सहा आठवड्यांच्या वयापर्यंत संसर्गाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले होते. सहा महिन्यांच्या वयाला मात्र संसर्गातील हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या टिकला नाही. स्तनपान चालू असेपर्यंत संरक्षण हवे, हा धडा अशा अभ्यासांतून पुढे आला. परळमध्ये १९७१ साली ‘दुधात काय आहे?’ असा प्रश्न होता. पुण्यात तो ‘आई पाजत असताना बाळाला कसे वाचवावे?’ असा झाला.

७. उरलेले सोबती

सर्व लघु आरएनएंचे कोडे प्रायमरने सुटले नाही. ७ एस रेणू हा पेशीत प्रथिने योग्य पटलाकडे नेणाऱ्या कणाचा घटक आहे, हे पीटर वॉल्टर व गुंटर ब्लोबेल यांनी १९८२ मध्ये दाखविले. तो एचआयव्हीच्या कणांतही विपुल असतो. त्याचे विषाणूसाठी नेमके प्रयोजन काय, यावर अद्याप एकमत नाही.

दुसरीकडे, प्राचीन काळी आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात शिरलेल्या रेट्रोव्हायरसचे अवशेष मानवी डीएनएत आहेत. त्यांच्या गटांना नावे देताना प्रायमर-बंधनस्थळाचाच आधार घेतला गेला : लायसीनसाठी ‘के’, ट्रिप्टोफॅनसाठी ‘डब्ल्यू’, हिस्टिडीनसाठी ‘एच’. यांपैकी ‘के’ गट उंदराच्या स्तनार्बुद-विषाणूच्या जवळचा आहे. मानवी वारेच्या घडणीत भाग घेणारे सिन्सिटिन हे प्रथिन ‘डब्ल्यू’ गटातील एका जनुकापासून बनते, हे २००० मध्ये कळले. २०१७ मध्ये शॉर्न, मार्टिनसन आदींनी उंदराच्या पेशींत वाहक आरएनएच्या शेपटीचे १८ न्यूक्लिओटाइडांचे सुटे तुकडे सापडल्याचे दाखविले. हे तुकडे बंधनस्थळावर बसून अंतर्जात विषाणुसदृश घटकांचे डीएनए-लेखन अडवितात. विषाणूने जी जागा उसनवारीसाठी राखली, तीच पेशीने पहाऱ्यासाठी वापरली.

८. विवेचन व निष्कर्ष

उपरोक्त आढाव्यावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

पहिला निष्कर्ष पद्धतीविषयीचा आहे. १९७१–७२ मधील मानवी दुधाच्या संशोधनात वापरलेल्या खुणा विषाणुगटाच्या सामान्य खुणा होत्या. आकार, विकर व जड आरएनए यांचा आभास पेशीजन्य घटकांतूनही होऊ शकत होता. बंधनस्थळासारखी क्रमावर आधारलेली खूण गटातील नेमके स्थान सांगते. ती त्या वेळी उपलब्धच नव्हती. राउस विषाणूचा प्रायमर १९७५ मध्ये आणि स्तनार्बुद-विषाणूचा १९८० मध्ये ओळखला गेला. मुंबईच्या संशोधकांचा निष्कर्ष टिकला नाही, याचे मूल्यमापन या कालक्रमाचे भान ठेवूनच केले पाहिजे.

दुसरा निष्कर्ष ‘अशुद्धी’ या संकल्पनेविषयीचा. शुद्ध केलेल्या नमुन्यात परका घटक आढळला, तर तो टाकून देणे हा प्रयोगशाळेचा स्वाभाविक नियम आहे. मानवी दुधातील पेशीजन्य घटकांना विषाणू समजले गेले, तेथे हा नियम अधिक कठोरपणे पाळावयास हवा होता. ४ एस आरएनएच्या बाबतीत मात्र तोच नियम पाळला असता, तर प्रायमर हातचा गेला असता. या दोहोंतील भेद ज्या प्रश्नांनी ठरला ते प्रश्न साधे आहेत : घटकाची निवड झालेली आहे काय? तो मुख्य रेणूशी जोडलेला आहे काय? तो काढून घेतला तर कार्य थांबते काय? पदव्युत्तर प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांना हे तीन प्रश्न विचारावयास शिकविणे कोणत्याही नव्या उपकरणाइतकेच आवश्यक आहे.

तिसरा निष्कर्ष प्रादेशिक इतिहासाविषयीचा. परळ व भोसरी या परंपरा स्वतंत्रपणे सांगितल्या जातात. एक कर्करोगाच्या इतिहासात, दुसरी एड्सच्या. लायसीनच्या वाहक आरएनएमुळे त्यांतील आंतरिक नाते दृष्टीस पडते. हा संबंध संस्थांनी ठरवून जोडलेला नाही, तो विषयाच्या स्वरूपातच आहे. परळचे मूळ संशोधनकेंद्र २००२ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे नव्या वास्तूत गेले आणि भोसरीच्या संस्थेचे नावही बदलले. जुन्या वह्या, छायाचित्रे, सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या आणि निवृत्त तंत्रज्ञांच्या आठवणी अशा स्थित्यंतरांत हरवतात. त्यांचे जतन व नोंदणी हे काम विज्ञान आणि इतिहास या दोन्ही विभागांनी मिळून करावयाचे आहे. भोसरीपुरते ते काम हाती घेण्यास कासारवाडी-पिंपरी परिसरातील महाविद्यालयांना अंतराची अडचण नाही.